पाळण्यातले पाय आणि बर्फावरचे पाय : सतराव्या वर्षी हॉकीपटूची पारख कशी करायची?

रिंकवरून · १९ जून २०२५

मंगळवारी रात्री फ्लोरिडा पँथर्सनी सलग दुसऱ्या वर्षी स्टॅन्ली कप उचलला, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचं विजेतेपद. प्लेऑफमधल्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमधल्या) सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्मायथ करंडक सॅम बेनेटला मिळाला, प्लेऑफमध्ये १५ गोल. मला ते बघताना २०१४चा जून आठवत होता. ड्राफ्टमध्ये संघ आळीपाळीने नवी मुलं निवडतात, आणि त्याआधी मुलांच्या शारीरिक चाचण्या होतात. त्यात या बेनेटला एकही पुलअप काढता आला नव्हता. जिकडेतिकडे त्याच्या दंडांची चर्चा. कॅलगरीने तरीही त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं.

पुढच्या शुक्रवारी, २७ तारखेला, यंदाचा एनएचएल ड्राफ्ट आहे. ३२ संघ, ७ फेऱ्या, २२४ मुलं. बहुतेकांनी नुकती अठरावी गाठलेली, काहींची ती अजून यायचीय. आपल्याकडे म्हणतात मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. चौदा वर्षं टोरांटोजवळच्या मिसिसागाच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, पोरांच्या सामन्यांना टाइमकीपर म्हणून बसतोय, आणि ओंटारिओ हॉकी लीगचे म्हणजे ओएचएलचे (साधारण सोळा ते वीस वयाच्या मुलांच्या लीगचे) सामने हौसेने बघतोय. माझं मत असं झालंय की पाळण्यात पाय दिसतात खरे, पण आपण बघतो तेव्हा पाळणा कुठल्या महिन्यात हलायला लागला हे विचारतच नाही. म्हणून हा धागा.

पात्रतेचा नियम असा, की १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण झाले तर या वर्षी नाव लागतं, १६ तारखेचा जन्म असेल तर पुढच्या वर्षी. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांनी हुकला. नाहीतर तो २०१५ साली एडमंटनचा तारा कॉनर मॅकडेव्हिडच्याच ड्राफ्टमध्ये असता. त्याऐवजी तो एक वर्ष झुरिचला मोठ्या माणसांच्या लीगमध्ये खेळला आणि २०१६ साली टोरांटोने त्याला पहिला घेतला.

यंदा हा प्रश्न वरच्या सगळ्या नावांमध्ये आहे. मॅथ्यू शेफर, ईरी ऑटर्सचा डिफेन्समन, जन्म ५ सप्टेंबर २००७. आणखी अकरा दिवस उशिरा जन्मला असता तर २०२६च्या ड्राफ्टमध्ये गेला असता. आमच्या ब्रॅम्प्टन स्टीलहेड्सचा पोर्टर मार्टोन २६ ऑक्टोबर २००६चा. बॉस्टन कॉलेजचा जेम्स हेगन्स ३ नोव्हेंबर २००६चा. म्हणजे शेफर यांच्याहून दहा महिन्यांनी लहान. तिशीत दहा महिने कुणी मोजत नाही. सतराव्या वर्षी दहा महिने म्हणजे खांदे रुंद होणं, पायात ताकद येणं, आणि ओएचएलमधला एक अख्खा जादा हंगाम. मार्टोनचा हा तिसरा हंगाम होता, शेफरचा दुसरा. मार्टोनने ५७ सामन्यांत ९८ पॉइंट (गोल आणि गोलला दिलेली मदत मिळून) केले, मी त्यातले बरेच प्रत्यक्ष पाहिले आणि मला तो मनापासून आवडतो. पण त्याचे ९८ आणि एखाद्या ऑगस्टमधल्या पोराचे ८० हे एकाच तराजूत टाकताना मी दहा वेळा विचार करीन.

याची दुसरी बाजू आणखी मोठी आहे आणि ती आठव्या-नवव्या वर्षीच सुरू होते. कॅनडात पोरांचे वयोगट १ जानेवारीने पडतात. जानेवारीचा आठ वर्षांचा मुलगा आणि डिसेंबरचा आठ वर्षांचा मुलगा शेजारी उभे करून बघा. निवड चाचणीत पहिला घेतला जातो, त्याला जास्त बर्फ मिळतो, चांगला कोच मिळतो, पुढच्या वर्षी तो खरंच चांगला झालेला असतो. १९८५च्या सुमारास रॉजर बार्न्सली यांनी हे पहिल्यांदा आकड्यांनी दाखवलं. २०१३ साली रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी ड्राफ्ट तपासला. त्यात असं दिसलं, की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली पोरं त्यांच्या पुढच्या कामगिरीच्या मानाने उशिरा निवडली जातात. म्हणजे व्यावसायिक स्काउट, संघांसाठी खेळाडू हेरणारी माणसं, ज्यांचं पोट यावर आहे, तेसुद्धा त्याच जागी चुकत होते.

आता बघायचं कसं. मी स्काउट नाही. पण मला एका जुन्या माणसाने रिंकवर जे शिकवलं ते सांगतो, मला ते फार उपयोगी पडलं.

काचेजवळ बसू नका. तिथून वेग आणि आवाज दिसतो, खेळ दिसत नाही. वरच्या रांगेत, कोपऱ्याकडे बसा. एका पिरियडला एकच मुलगा बघा. पक, म्हणजे बर्फावर घसरणारी रबरी चकती, कुठेही असू दे, नजर त्या मुलावर. शिफ्ट, म्हणजे एका खेपेला बर्फावर खेळण्याची पाळी, पंचेचाळीस सेकंदांची, त्यातले पाच-सात सेकंद पक त्याच्याकडे असतो. उरलेल्या चाळीस सेकंदांत तो काय करतो? पकपर्यंत पोचण्याआधी मान वळवून मागे बघतो का, आणि किती वेळा? मी वहीत नुसत्या रेघा ओढतो. जो मुलगा पक हातात यायच्या आधीच दोनदा मागे बघून घेतो, त्याला पुढे काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. वरच्या पातळीवर वेळ कमी होत जातो, तिथे हाच टिकतो. जो पक मिळाल्यावर वर बघतो तो ओएचएलमध्ये शंभर पॉइंट करेल, पण एनएचएलमध्ये तोवर त्याच्या अंगावर कुणीतरी आलेलं असेल.

आणि चूक झाल्यावरची पुढची शिफ्ट बघा. त्यावर पानभर लिहिता येईल, पण आधी तुमचं ऐकतो.

---

आकडेमोड · १९ जून

फार छान धागा. आकड्यांबद्दल माझ्याकडून थोडी भर.

पॉइंट म्हणजे गोल अधिक असिस्ट, पण कुठल्या लीगमधले? त्यासाठी रूपांतराचे गुणक वापरतात. ढोबळमानाने ओएचएलमधला एक पॉइंट एनएचएलच्या तिसऱ्या हिश्श्याइतका धरतात, रशियाच्या केएचएलमधला पाऊणच्या आसपास, कारण तिथे समोर तीस वर्षांचे बाप्ये असतात. म्हणून स्वीडनच्या अँटोन फ्रॉन्डेलचे आकडे पहिल्या नजरेत लहान वाटतात. तो ड्युरगोर्डेनकडून दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये २९ सामन्यांत २५ पॉइंट घेऊन आलाय. सागिनॉच्या मायकेल मिसाने ओएचएलमध्ये ६५ सामन्यांत १३४ केले. १३४ आणि २५ शेजारी लिहिले तर फ्रॉन्डेल किरकोळ वाटतो. पण तो मोठ्या माणसांत खेळून आलाय. २०१७ साली एलियास पेटरसन याच श्रेणीतून, टिमरोकडून ४३ सामन्यांत ४१ पॉइंट घेऊन आला होता. अंगाने काडी. व्हँकूव्हरने पाचवा घेतला आणि २०१९ साली तो वर्षातला सर्वोत्तम नवखा ठरला.

त्याच ड्राफ्टमध्ये चौथा गेलेला केल मकार तर अल्बर्टाच्या ज्युनिअर ए लीगमधून आला, म्हणजे ओएचएल आणि पश्चिमेकडची डब्ल्यूएचएल या मेजर ज्युनिअर लीगच्याही एक पायरी खालून, कारण त्याला अमेरिकन कॉलेजात खेळायचं होतं आणि तेव्हाच्या नियमाने मेजर ज्युनिअर खेळला की ते दार बंद व्हायचं. आकडे उत्तम होते, ५४ सामन्यांत ७५, पण समोरचे कोण होते हे सांगायला कुठला गुणक पुरणार? कोलोरॅडोने पोराचे पाय आणि वळणं बघून विश्वास टाकला.

हे दार आता या ऑगस्टपासून उघडतंय, मेजर ज्युनिअरची मुलं कॉलेजात खेळू शकतील. त्यामुळे पुढच्या वर्षीपासून जुने गुणक सगळे पुन्हा काढावे लागणार आहेत.

---

मध्यरात्र · २० जून

लेख आवडला, पण एक प्रश्न मनात राहतो. इतकं सगळं बघून शेवटी फरक पडतो का?

२०१५ साली बॉस्टनकडे लागोपाठ तीन पाळ्या होत्या, १३, १४, १५. त्यांनी घेतले याकुब झबोरिल, जेक डेब्रस्क आणि झॅकरी सेनिशिन. लगेच पुढचे तीन म्हणजे १६, १७, १८ होते मॅथ्यू बार्झल, काइल कॉनर आणि थॉमस शाबो. डेब्रस्क चांगला निघाला. पण पुढच्या तिघांना एकत्र ठेवलं तर बॉस्टनचा चाहता म्हणून आजही जीव तुटतो. बॉस्टनकडे काय स्काउट नव्हते? गुणक नव्हते? वरच्या रांगेत बसणारी माणसं नव्हती?

१९९८ साली पावेल दात्स्युक १७१वा, १९९९ साली हेन्रिक झेटरबर्ग २१०वा. दोघंही डेट्रॉइटकडे. डेट्रॉइटला जर ठाऊक असतं की हे एवढे मोठे होणार, तर त्यांनी सहाव्या-सातव्या फेरीपर्यंत वाट बघितली असती का? दात्स्युकच्या आधी त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलंच ना. मला वाटतं पारख थोडी आणि नशीब फार.

---

रिंकवरून · २० जून

मध्यरात्र, तुमचा दात्स्युकचा मुद्दा अगदी रास्त आहे आणि मी तो खोडत नाही. पण दात्स्युकला आधीच्या दोन ड्राफ्टमध्ये कुणीच, कुठल्याच फेरीत घेतलं नव्हतं. लहानखुरा, रशियात आडबाजूला खेळणारा. डेट्रॉइटचे युरोपातले स्काउट होकान अँडरसन तिथपर्यंत गेले आणि त्यांनी तो पाहिला. त्यांना तो हॉल ऑफ फेममध्ये जाईल हे कळलं नव्हतं. पण बाकीचे जिथे गेलेच नाहीत तिथे ते गेले. नशीब तुमच्याकडे यायला तुम्ही त्या थंड स्टेडियममध्ये जाऊन बसलेलं असावं लागतं.

बॉस्टनबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण त्यात माझ्याच म्हणण्याला छेद देणारी गोष्ट आहे.

बार्झलचं त्या हंगामात गुडघ्याच्या वाटीचं हाड मोडलं होतं. ४४च सामने खेळला, त्यात ५७ पॉइंट. दर सामन्याचा हिशेब केला तर उत्तम, एकूण बेरीज बघितली तर यादीत खाली. इथपर्यंत माझा मुद्दा बरोबर, संदर्भ बघा. पण सेनिशिनकडे बघा. तो सू ग्रेहाउंड्सच्या फार बलाढ्य संघात खालच्या लाइनवर खेळत होता, बर्फावर वेळ कमी मिळायचा, तरी २६ गोल. उंच, वेगवान. 'याला जास्त वेळ मिळाला तर बघा' हे वाक्यसुद्धा संदर्भच आहे! एकाच दुपारी संदर्भ एकाच्या बाबतीत खरा ठरला आणि दुसऱ्याच्या बाबतीत चकवा.

मी यावर पुष्कळ विचार केलाय. फरक एवढाच सापडतो, की बार्झलने जे केलं होतं ते मोजलेलं होतं, फक्त कमी सामन्यांत. सेनिशिनने जे केलं असतं ते आपण मनाने भरत होतो. दुखापतीने सामने कमी झाले तर झालेल्या सामन्यांतला खेळ खोटा ठरत नाही. जो खेळ झालाच नाही त्याची बेरीज मात्र आपण आपल्या इच्छेने करतो.

म्हणूनच शेफरबद्दल मी निश्चिंत आहे. आधी ग्रंथिज्वर झाला, मग डिसेंबरात ऑटवाला ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये लात्व्हियाविरुद्ध गोलपोस्टवर आदळून गळ्याजवळचं हाड मोडलं. ओएचएलमध्ये फक्त १७ सामने, २२ पॉइंट. पण त्या १७ सामन्यांत मी वहीत ज्या रेघा ओढल्या आहेत तितक्या मी कुठल्याच डिफेन्समनच्या नावापुढे ओढलेल्या नाहीत. स्वतःच्या गोलमागे पक आणायला जाताना मान डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मागून येणारा अंगावर पोचेपर्यंत पक दोन रेषा पुढे गेलेला असतो.

---

गोलीची_आई · २० जून

मीही ब्रॅम्प्टनचीच. इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहावंसं वाटलं.

माझा मुलगा गोली, म्हणजे गोलरक्षक आहे, चौदाचा. नोव्हेंबरचा जन्म, त्यामुळे तुमचा जन्ममहिन्याचा परिच्छेद वाचताना मी थांबले. दहाव्या वर्षी एका क्लबाने त्याला घेतलं नाही. कारण काय सांगितलं, तर गोलपोस्टसमोर उभा राहिल्यावर जाळं फार दिसतं. बारीक होता, खरंच दिसायचं. तो गाडीत एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर पॅड धुऊन वाळत घातले आणि म्हणाला, आई, मी उंच होणार ना? ज्याचं उत्तर आपल्या हातात नाही असा प्रश्न पोराने विचारला की काय होतं ते आईलाच कळतं.

तुम्ही सगळे फॉरवर्ड आणि डिफेन्समनबद्दल लिहिताय. गोलींचं काय? त्यांना कसं बघायचं?

---

वायव्य · २१ जून

एडमंटनहून लिहितोय. मंगळवारी फ्लोरिडाने आमच्या संघालाच हरवलं, त्यातून अजून सावरलेलो नाही, तरी ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं.

गोलींच्या बाबतीत अठराव्या वर्षी ठामपणे सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ते उशिरा पिकतात. या महिन्यात सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक विनिपेगच्या कॉनर हेलेबकला मिळाला. २०१२ साली तो १३०वा गेला होता, पाचव्या फेरीत. तोवर तो टेक्ससमधल्या ओडेसा नावाच्या गावात, बर्फाशी काही संबंध नसलेल्या गावात, खालच्या लीगमध्ये खेळत होता. नॅशव्हिलचा युसे सारोस ९९वा. न्यूयॉर्क रेंजर्सचा इगोर शेस्टरकिन ११८वा. त्याच रेंजर्सचा लुंडक्विस्ट २००० साली २०५वा, आणि त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर एक गोलीच गेला होता, रिक डिपिएत्रो, ज्याचं शरीर पुढे दुखापतींनी मोडलं.

आता २०१२चं दुसरं टोक आमच्या गावात आहे. त्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक एडमंटनचा होता, आम्ही नाइल याकुपोव घेतला. पहिल्या छोट्या हंगामात ४८ सामन्यांत १७ गोल केले, शेवटच्या सामन्यात हॅटट्रिक. मी स्टेडियममध्ये होतो, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली होती. चार वर्षांत तो गेला. त्याला शॉट होता, वेग होता, खेळावर जीव होता. पक दुसऱ्याकडे असताना कुठे उभं राहायचं ते त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही, आणि दर थोड्या दिवसांनी कोच बदलणाऱ्या आमच्या संघाने ते शिकवलंही नाही. हे मला फार लागतं. पारख चुकली असं सगळे म्हणतात. घेतल्यानंतर पोराला कुणी घडवलं, हा हिशेब कुणी मांडत नाही.

---

कृष्णाकाठ · २१ जून

मी सांगलीचा, हॉकीतलं काही कळत नाही, भाच्यामुळे हा धागा वाचनात आला. पण रिंकवरून दादांचं 'चूक झाल्यावरची पुढची शिफ्ट बघा' हे वाक्य वाचून राहवलं नाही.

आमच्या तालमीतले वस्ताद नवीन पोरगं आलं की पहिले आठ दिवस त्याच्या डावांकडे बघायचेच नाहीत. मोठ्या गड्यांकडून त्याला पाडून घ्यायचे आणि पडल्यावर तो कसा उठतो ते बघायचे. हात टेकून, खाली बघत, रेंगाळत उठला तर गप्प राहायचे. उठतानाच ज्याची नजर समोरच्याच्या पायावर गेली, त्याला दुसऱ्या दिवसापासून खुराक वाढवून सांगायचे. मनगट आणि मान मात्र पहिल्या दिवशीच हातात धरून बघायचे, ते वेगळं.

एक विचारतो. आपल्याकडे आता आयपीएलच्या लिलावात तेरा वर्षांचा वैभव सूर्यवंशी घेतला गेला, चौदाव्या वर्षी त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकलं. मग सतरा-अठरा म्हणजे उशीरच की! हॉकीत एवढी भीती का?

---

आकडेमोड · २१ जून

कृष्णाकाठ, वस्तादांचं वाचून अंगावर काटा आला. अजून लिहा.

फरक अंगाच्या टकरीचा आहे. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, माणूस येत नाही. इथे ९५ किलोचा माणूस पूर्ण वेगात फळीवर दाबतो. त्यामुळे निवडलेल्यांपैकी दरवर्षी मोजकेच थेट एनएचएलमध्ये खेळतात. बाकीचे दोन, तीन, कधी पाच वर्षं ज्युनिअर, कॉलेज, युरोप किंवा खालच्या व्यावसायिक लीगमध्ये घडतात. संघ आजचा खेळाडू विकत घेत नाही, बावीस-तेवीस वर्षांचा होऊन येईल तो माणूस घेतोय.

आणि म्हणून उंचीचा मोह. लेन हटसनचं उदाहरण बघा. अफाट कौशल्य, पण डिफेन्समन आणि लहान चणीचा. २०२२च्या ड्राफ्टआधी तो डॉक्टरांचा कागद घेऊन संघांना भेटला, की माझी हाडं अजून वाढायची आहेत. तरी ६२वा गेला. या महिन्यात त्याला सर्वोत्तम नवख्याचा काल्डर करंडक मिळाला, ६६ पॉइंट. त्यातले ६० असिस्ट, नवख्या डिफेन्समनच्या विक्रमाशी बरोबरी. टँपाने निकिता कुचेरोव ५८वा आणि ब्रेडन पॉइंट ७९वा घेतला तो याच मोहाच्या विरुद्ध जाऊन, आणि २०२० व २०२१चे दोन्ही कप त्या दोघांच्या खांद्यावर आले.

---

मध्यरात्र · २२ जून

गोलीची_आई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी 'नशीब फार' असं सहज लिहून गेलो. पण गाडीत गप्प बसलेल्या पोराला ते सांगता येणार नाही, हे मान्य करतो.

रिंकवरून, एक खरंच जाणून घ्यायचंय. ज्याचं नावच येत नाही त्याचं पुढे काय होतं?

---

वायव्य · २२ जून

याचं उत्तर मी देतो, कारण हे नाव इथे यायलाच हवं. अर्शदीप बेन्स, ब्रिटिश कोलंबियातल्या सरीचा पंजाबी मुलगा. ड्राफ्टची तिन्ही वर्षं गेली, कुणी नाव घेतलं नाही. तो रेड डिअरकडून खेळत राहिला आणि २०२१-२२ साली डब्ल्यूएचएलमध्ये सर्वांत जास्त, ११२ पॉइंट केले. व्हँकूव्हरने करार केला आणि तो आपल्या गावच्या संघाकडून एनएचएलमध्ये उतरला. आर्टेमी पनारिन, मार्क जोर्डानो, मार्टिन सेंट लुई, कुणाचंच नाव ड्राफ्टमध्ये आलं नव्हतं.

भारतीय वंशाचा एनएचएलमधला पहिला खेळाडू रॉबिन बावा १९८९ साली खेळला. मॅनी मल्होत्रा १९९८ साली सातवा निवडला गेला. मराठी नाव अजून त्या यादीत नाही. माझ्या मुलीला मी दर शनिवारी पहाटे पाचला रिंकवर नेतो तेव्हा हे डोक्यात असतं, लपवत नाही. आणि या महिन्याच्या सुरुवातीला आपल्या भारताच्या महिला आइस हॉकी संघाने, ज्यात बहुतेक लडाखच्या मुली आहेत, अमिरातीतल्या अल ऐनला आशिया कपचं कांस्य आणलं ते तिला मी झोपेतून उठवून सांगितलं.

---

रिंकवरून · २८ जून

काल रात्री जागून पाहिलं. लॉस एंजेलिसच्या पीकॉक थिएटरमध्ये फक्त मुलं आणि घरचे होते, संघ आपापल्या गावी बसून नावं सांगत होते. इथल्या चर्चेचा हिशेब मांडतो.

शेफर पहिला, न्यूयॉर्क आयलँडर्सकडे. हा क्रमांक त्यांना मिळालाच साडेतीन टक्क्यांच्या शक्यतेवर, निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत दहाव्या जागेवरून वर येऊन. मिसा दुसरा सॅन होजेकडे, फ्रॉन्डेल तिसरा शिकागोकडे. आकडेमोड, तुमचा २५ पॉइंटवाला मुलगा तिसरा गेला! मार्टोन सहावा फिलाडेल्फियाला, हेगन्स सातवा बॉस्टनला. ब्रॅम्प्टनच्या पोराला जर्सी चढवताना बघून माझे डोळे भरले.

नॅशव्हिलने पाचवा घेतलेला सू ग्रेहाउंड्सचा ब्रेडी मार्टिन समारंभाला गेलाच नव्हता. एल्मायराजवळच्या घरच्या शेतावर होता, गुरांची कामं होती म्हणून. कृष्णाकाठ, तुमच्या वस्तादांना हा मुलगा आवडला असता.

ब्रँडन व्हीट किंग्जचा रॉजर मॅक्वीन दहावा अनाहाइमकडे. मणक्याला तडा गेल्याने तोही शेफरसारखे १७च सामने खेळला होता. दोघांचे सामने तेवढेच, पण एक पहिला आणि एक दहावा. गळ्याजवळचं हाड जुळून येतं. पाठीच्या बाबतीत डॉक्टरांचा अहवाल संघांच्या खोलीत काय सांगत होता ते आपल्यापर्यंत येत नाही. मध्यरात्र, बार्झलबद्दल मी म्हणालो होतो की झालेला खेळ खोटा ठरत नाही. त्यात आज भर घालतो, की कुठलं हाड मोडलं हेही बघावं लागतं.

शेफरचं नाव पुकारलं तेव्हा तो रडत होता. त्याची आई २०२४च्या फेब्रुवारीत कर्करोगाने गेली. आयलँडर्सच्या जर्सीवर तिच्यासाठी फीत लावलेली होती, तिला त्याने ओठ लावले. वहीत ओढलेल्या माझ्या रेघांमध्ये हे कुठेच नव्हतं. हा मुलगा त्या वर्षभरात आजारी पडला, हाड मोडलं, आणि तरी दर वेळी रिंकवर येऊन संघाच्या बाकामागे उभा राहायचा. मी ते बघत होतो आणि लिहून ठेवत नव्हतो.

---

गोलीची_आई · २८ जून

आम्हीही पाहिलं. लेक शेजारी बसला होता. त्या फितीच्या वेळी त्याने काही न बोलता माझा हात धरला.

दादा, एक विनंती होती. तुमची वही एकदा त्याला दाखवाल का? मागे बघण्याच्या रेघा गोलीच्या कशा ओढायच्या असं विचारतोय.

---

रिंकवरून · २८ जून

नक्की. गोलीसाठी मी वेगळी खूण करतो. शॉट अडवल्यावर पक कुठे ढकलला, मोकळ्या कोपऱ्यात की समोरच्याच्या काठीवर, एवढंच. उंचीचा त्यात काही संबंध नाही, हे त्याला आधी सांगा.

सप्टेंबरात स्टीलहेड्सचा हंगाम सुरू झाला की वरच्या रांगेत तीन जागा धरतो. एक वही त्याच्यासाठी कोरी आणीन.